दोन इंचांची पोकळी

वेंडेल टॉलेफसनला स्वतःच्या कामाचं जरा जास्तच कौतुक होतं, हे आधीच कबूल करून टाकू. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या त्या नदीकाठच्या गावात शाळेचा जिम त्याने बांधला होता, लुथरन चर्चचं तळघर त्याने बांधलं होतं आणि निम्म्या गोठ्यांच्या भिंतीही त्याच्याच. शुक्रवारी मासे खायला सगळं गाव जमलं की हा गडी आधी हॉटेलच्या भिंतीवरून हात फिरवायचा आणि मग खुर्ची ओढायचा. बाकीच्यांनी टिंगल केली की म्हणायचा, "तुमच्या बायका पावाला हात लावून बघतात, तेव्हा कुणी हसतं का?"

त्याची एक खोड मात्र सगळ्या गवंड्यांना जाचायची. इकडच्या हिवाळ्यात बाहेरची भिंत दुपदरी बांधतात, मध्ये दोन इंचांची पोकळी सोडून. बांधताना त्या पोकळीत सिमेंट-वाळूचा माल सांडला, की त्यावर पाणी अडतं, गोठतं आणि चार हिवाळ्यांत भिंत फुटते. म्हणून वेंडेल पोकळीत दोरीला बांधलेली लाकडी पट्टी सोडून ठेवायचा. पडेल तो माल पट्टीवर झेलायचा, दर दोन थरांनी ती वर ओढायची, खरवडायची आणि पुन्हा सोडायची. उन्हातान्हात हे करताना माणसं शिव्या द्यायची. पण त्याच्या भिंती फुटत नव्हत्या.

एकोणीसशे ऐंशीच्या मे महिन्यात सरकारचं फर्मान निघालं, की देशभरातल्या अणुवीज केंद्रांनी आपल्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंती तपासाव्यात. भूकंपात एखादी भिंत जर आणीबाणीच्या पंपांवर कोसळली, तर अणुभट्टी थंड कशी करायची, हा प्रश्न होता. गावाबाहेरच्या प्लांटमधली पंपघराची भिंत नऊ वर्षांपूर्वी वेंडेलने बांधली होती. भिंत नकाशाप्रमाणे बांधली आहे, एवढं त्याने लिहून द्यायचं होतं.

त्याचा मुलगा डेल त्याच पंपघरात पाळीवर असायचा. ट्रक चालवता चालवता तो म्हणाला, "बाबा, उगाच पाल्हाळ लावू नका हं. भिंत भरीव आहे म्हणायचं, सही करायची, सुटायचं. प्लांट बंद केला तर आम्ही तीनशे जण घरी बसतो."

"म्हणायचं म्हणजे? आहेच ती भरीव!" वेंडेल तडकला. "नकाशावर तसं लिहिलं होतं. मी स्वतः भरीव ब्लॉक मागवले होते. एकालाही भोक नव्हतं."

तपासणीला शिकागोहून केसलर नावाच्या इंजिनीयर बाई आल्या होत्या, तिशीच्या, शिरस्त्राण कपाळावर घसरलेलं. भिंतीवर पाइपांचं जंगल होतं. मोकळी जागा सापडली ती फक्त दाराजवळ. तिथे त्यांनी सकाळीच एक भोक पाडून बघितलं होतं आणि आरपार पक्का माल लागला होता. त्या खुशीत होत्या.

"उत्तम काम आहे," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे केला. "फक्त एक सांगा, टॉलेफसन साहेब. मधल्या पोकळीत माल कसा ओतलात? शेवटी एकदम, की थराथराने?"

वेंडेलने पेन हातात घेतलं होतं. ते तसंच राहिलं.

"मधल्या पोकळीत?"

"हो. नकाशावर 'भरीव भिंत' आहे ना? म्हणजे पोकळी मालाने भरून दोन्ही पदर एकजीव करायचे. नाहीतर भूकंपात दोन्ही वेगवेगळे हलतात आणि पातळ पदर आधी पडतो."

गावात भरीव म्हणजे भरीव ब्लॉक. ब्लॉकच्या वखारीत जाऊन 'भरीव द्या' म्हटलं की भोक नसलेला ब्लॉक मिळायचा. पोकळी भरायची, हे त्याच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं; ती साफ ठेवण्यात तर त्याचा जन्म गेला होता. दाराजवळ माल लागला, कारण चौकट धरायला तिथे सगळेच भरतात. बाकीची अठरा फूट भिंत आतून दुभंगलेली उभी होती आणि तिच्यावर पंपांचे पाइप लटकत होते.

हे आता जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्याला आधी शरम वाटली, मग भीती. समोर डेल उभा होता, वर्षानुवर्षं या भिंतीपासून दोन हातांवर काम करणारा. तो डोळ्यांनी विनवत होता, करा ना सही.

"साहेब?" बाई म्हणाल्या.

वेंडेलने पेन परत दिलं. "बाई, तुमचं भोक चुकीच्या जागी पडलंय. त्या दोन पाइपांच्या मध्ये पाडा, छातीच्या उंचीवर."

"बाबा!" डेल ओरडला. "काय करताय हे?"

"गप्प बस. तू इथे उभा असतोस रोज."

ड्रिल सुरू झालं. ब्लॉकची पांढरी धूळ उडाली. आवाज जड होता, जडच राहिला. वेंडेल मनात म्हणत होता, लागू दे माल, एखाद्या आळशी माणसाने तरी सांडलेला असू दे. मग ड्रिल एकदम मुठीपर्यंत आत घुसलं आणि नुसतंच मोकळं फिरू लागलं.

बाईंनी ड्रिल काढलं, भोकात बॅटरी धरली, डोळा लावला.

"इतकी स्वच्छ पोकळी मी आजवर बघितली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मालाचा एक थेंब नाही आत."

चाळीस वर्षांत इतकं नेमकं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं. वेंडेलने भिंतीचा आधार घेतला आणि लगेच हात काढून घेतला.

डेलने शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवलं. "झालं तुमच्या मनासारखं? आता एक भिंत दुरुस्त करायला महिना जाईल."

"एक नाही," वेंडेल म्हणाला. "बाई, वही काढा. या प्लांटमध्ये मी बांधलेल्या अशा अकरा आहेत. चला, दाखवतो."