आधी नमस्कार, मग हात

आमच्या कुत्रीच्या पोटाखाली, मागच्या सडाशी, लिंबाएवढी गाठ होती. ती वाढत वाढत नारळाएवढी झाली आणि एका बाजूनं फुटली. पालीजवळच्या मळ्यात तेव्हा मी आणि सासूबाई दोघीच राहत होतो. यजमान वारले होते. राखण कुत्रीची. ती गेली असती तर मळा सोडून गावात बिऱ्हाड करण्यावाचून इलाज नव्हता, आणि मला ते करायचं नव्हतं.

शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, कुत्रीपायी कावून एवढा तरास घेता? डाग द्या, न्हाईतर द्या सोडून."

"डाग तुमच्या बैलाला दिला होता," मी म्हटलं. "कुठं हाय तो आता?"

मी कुत्रीला बैलगाडीत घालून बीडला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथले मोठे डॉक्टर हैदराबादकडचे होते. वयस्क, बारीक अंगाचे, पांढरी दाढी नीट कातरलेली. त्यांच्या हाताखाली दोन तरुण नुकतेच शिकून आले होते. बैल आडवा पाडणं, घोड्याच्या खुराला नाल मारणं दोघांना येत होतं. कुत्र्यामांजरांवर कुणी हत्यार चालवतं, हे मात्र त्यांना थट्टेसारखं वाटे. डॉक्टरांना तसं वाटत नसे. ते दोघांना अरुंद तोंडाच्या तांब्यात बोटं घालून रेशमी दोऱ्याच्या गाठी मारायला लावत. गाठ सैल बसली की कापून पुन्हा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दोन मोठे बाप्ये तांब्यात हात घालून घामाघूम झालेले पाहिले, आणि माणूस कामाचा आहे हे मला तिथंच कळलं.

डॉक्टरांनी कुत्रीची गाठ चाचपली. म्हणाले, "निघेल. पण आदल्या संध्याकाळपासून हिला काही खायला घालायचं नाही. आणि तुम्ही डोक्याशी उभ्या राहाल. तुमचा आवाज ऐकून ती शांत राहील."

ठरल्या दिवशी सकाळी कुत्रीला मेजावर घेतलं, सुती पट्ट्यांनी पाय बांधले. पोटावरचे केस काढले, साबणानं धुतलं, वर औषध लावलं. तिच्या नाकावर तारेची जाळी, तिच्यावर कापड घालून डॉक्टर स्वतः क्लोरोफॉर्मचे थेंब सोडत होते. दुसरा हात कुत्रीच्या छातीवर. तिचं अंग ढिलं पडलं. हत्यारं उकळून तबकात मांडलेली. दोघा तरुणांनी कोपरापर्यंत हात घासून धुतले होते.

कापायचं काम तलवाड्याकडच्या तरुणाकडे होतं. शेतकऱ्याचं पोर, हात स्थिर. त्यानं सुरी उचलली, डोळे मिटले, सुरी कपाळाला लावली, आणि पोटावरचं फडकं नीट करायला ती परत तबकात ठेवली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

तो थांबला. काय चुकलं ते त्याला कळलंच नाही. मलाही नाही. कामाला हात घालताना हत्यार कपाळाला लावायचं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

"मियाँ, हात धोये. माथा धोया क्या?"

मला हसू फुटलं. त्या तरुणाला नाही.

"साहेब, सवय हाय. पेरणीला आमी तिफणीला पण..."

"तिफण जमिनीत जाते. ही हिच्या अंगात जाणार. कपाळाचा घाम सुरीला, सुरीचा तबकाला. सगळं परत उकळा. हात परत धुवा."

दुसरा हळूच म्हणाला, "हुजूर, कुत्री झोपलेली हाय. जागी होईल. शेवटी कुत्रीच हाय."

डॉक्टरांनी कापड बाजूला केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, गुंगीचं औषध दोनदा द्यावं लागेल. त्यात धोका आहे. पण तो धोका मला दिसतो. श्वास अडला तर माझा हात इथं आहे. घाण आत गेली तर ती तुमच्या मळ्यावर वर येईल, आणि तिथं मी नसेन."

मी म्हटलं, "उकळा."

चूल पेटती होती, तरी पाणी उकळायला वेळ लागतोच. कुत्री कण्हायला लागली, डोकं उचलायला लागली. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन रोजच्यासारखी रागावत राहिले. लाडानं बोलले असते तर ती घाबरली असती. डॉक्टरांचा हात तिच्या छातीवरून हलला नाही. त्या वेळात ते कुणावर चिडले नाहीत, की उपदेशही केला नाही.

मग पुन्हा थेंब. या वेळी तरुणानं सरळ सुरी चालवली. मी पाहत होते. रक्ताची नस दिसली की चिमट्यात धरायची, बांधायची, मग पुढे. गाठी तांब्यातल्यासारख्या पक्क्या. मध्ये एकदा तिचा श्वास अडला. डॉक्टरांनी कापड फेकलं, जीभ बाहेर ओढली, बरगड्या दाबल्या. श्वास परत आला. त्यांनी नुसतं "चलो" म्हटलं, आणि त्या तरुणानं पुढची नस चिमट्यात धरली. असं शिकवणं मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलं नाही.

जखम पू न होता भरली. सासूबाई रोज वाकून बघत आणि म्हणत, "लई नवल हाय." टाके काढायला नेलं तेव्हा कुत्रीनं डॉक्टरांवरच दात विचकले. ते खूश झाले.

त्या दिवशी आमच्या आधी एका मांजराचं काम व्हायचं होतं. मी दारात उभी राहिले. तलवाड्याचा तरुण आत आला. हत्यारांची पेटी अजून बंद होती. तिला त्यानं दोन्ही हात लावून कपाळ टेकवलं. मग बाह्या वर करून साबणाकडे वळला. डॉक्टर चुलीवरचं पाणी उकळलं का बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. उकळत्या पाण्याचं भांडं तेवढं पेटीकडे सरकवलं.