बुजवलेल्या दारासमोरची रांगोळी

शेजारच्या सुमनताईंच्या घराचं दार दक्षिणेला होतं. त्यांचा मुलगा भांडून त्याच दारातून गेला, तो परतला नाही. वास्तू पाहणाऱ्याने सांगितलं, दक्षिण ही यमाची दिशा. हे दार बुजवून पूर्वेला नवं काढा, मुलगा येईल. गवंड्याने विटा रचून गिलावा केला. दगडी उंबरा मात्र निघेना, म्हणून तो भिंतीच्या पायथ्याशी तसाच राहिला.

आज सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तेव्हा सुमनताई त्या उंबऱ्याशी, कोऱ्या भिंतीसमोर रांगोळी काढताना दिसल्या.

"अगं, भिंतीला कसली रांगोळी?" त्यांचे यजमान खिडकीतून ओरडले. "दार इकडे आहे आता!"

"ते त्याला कोणी कळवलंय?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "तो इथेच येणार."

दिवसभर हे वाक्य डोक्यात राहिलं. शास्त्र घराच्या दिशा ठरवतं. घर सोडून गेलेल्याच्या मनात मात्र दिशा नसते. त्याने मागे वळून पाहिलेलं दार असतं.

दिवेलागणीला परत त्या भिंतीसमोरून गेलो. वारा पडलेला होता. रांगोळीत एक पाऊल उमटलं होतं, अनवाणी, मोठ्या माणसाचं. त्याची बोटं भिंतीकडे होती. मागे फिरल्याची खूण कुठेच नव्हती.

सुमनताई शेजारी उभ्या राहून तेच पाहत होत्या. मग त्यांनी शांतपणे खिडकीकडे पाहून हाक दिली.

"अहो, पूर्वेचं दार लावून घ्या आता. आला तो."