फॅलो म्हणजे पडीक नव्हे

त्या छोट्या प्रकाशनाच्या कार्यालयात मुद्रितं तपासणाऱ्या काकांना सगळे ‘अनुस्वार’ म्हणत. अंगापिंडाने टिंबाएवढे, हे एक कारण. दुसरं असं की ते जागेवर असले तर कुणाच्या लक्षात येत नसत, आणि नसले की छापून आलेल्या पानावर ‘नांगरा’चा ‘नागर’ होऊन बसे.

त्यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी रोज दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते कोपऱ्यातल्या आपल्या खुर्चीवर हजर. बायको गेल्यापासून घरात बोलणारा एक कुकर तेवढा उरला होता, आणि तोही तीन शिट्ट्या मारून गप्प व्हायचा. इथे निदान कुणीतरी “काका, जरा पाय घ्या,” एवढं तरी म्हणे.

त्या दिवसांत इंग्रजी-मराठी शेतीकोशाचं काम चालू होतं. काका ‘एफ’चं पान वाचत होते. शेजारी कॉम्प्युटरवर बसणारी ऑपरेटर मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “अगं, पाठव की तुझा लेख. आमचे अनुस्वारकाका तपासतील. ते काय, इथेच पडीक असतात!”

काकांची लाल पेन्सिल नेमकी त्याच शब्दावर होती. ‘फॅलो : पडीक जमीन.’

त्यांनी पुढची ओळ वाचली नाही. उठले, कपाटावरचा जाडजूड इंग्रजी कोश उतरवला, धूळ झटकली, भिंग काढलं. चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. पाचव्या दिवशी संपादक बाईंच्या टेबलापुढे उभे राहिले.

“बाई, हा अर्थ चुकलाय.”

“अहो काका, फॅलो म्हणजे पडीक. शाळेतलं पोरही सांगेल.”

“म्हणूनच चुकलाय. पडीक म्हणजे जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही ती. गवत माजलेलं, काटे उगवलेले. जुन्या इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ चक्क नांगरलेली जमीन! पुढे झाला, नांगरून, ढेकळं फोडून, पण मुद्दाम न पेरता विसाव्याला ठेवलेली. टाकलेली नव्हे बाई, ठेवलेली.”

“आणि ते फॅलो हरीण, काका?” ऑपरेटर खुर्ची फिरवत म्हणाली. “तेही न पेरलेलंच का?”

“तो फॅलो निराळा. फिकट पिंगट रंगाचा. स्पेलिंग एक, घराणं वेगळं. नुसते आडनावबंधू गं!”

मुलगी खळखळून हसली. काकांना एवढा मोठा श्रोतृवर्ग कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. त्यांचा चेहरा उजळला.

बाई मात्र हसल्या नाहीत. सोमवारी नवं झेरॉक्स मशीन येणार होतं आणि ते मावेल असा कोपरा ऑफिसात एकच होता. हे काकांना सांगायचं म्हणून त्या पंधरा दिवस शब्द जुळवत होत्या. आजही जुळले नाहीत. त्यांनी नोंद पुढे ओढली.

“बरं, तुमचंच घालू. पण मुदत लिहायला हवी ना? अशी ठेवायची तरी किती दिवस?”

काकांच्या जिभेवर आलं होतं, कितीही दिवस. कोशात कोण बघायला जातंय? पण चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका खोडणाऱ्या माणसाला आपली एक चूक करायचं धाडस होईना.

“एखादा हंगाम,” ते म्हणाले. “फार तर वर्ष. त्यानंतरही कुणी हात लावला नाही, तर...”

“तर?”

“तर पडीकच.”

ऑपरेटरने खुर्ची हळूच पुन्हा कॉम्प्युटरकडे वळवली. काकांनी ती ओळ आपल्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि विचारलं, “ते मशीन सोमवारीच येतंय ना?”

“काका, मी तुम्हाला सांगणारच होते...”

“ठाऊक आहे. पंधरा दिवस झाले, पाहुण्याला विचारावं तसं तुम्ही मला विचारून चहा मागवताय. तेव्हाच ओळखलं.”

सोमवारी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर पडले. पाय सवयीने ऑफिसकडे वळायला लागले, तशी त्यांनी पायांची समजूत घातली आणि दुसरी गल्ली धरली. शिंप्याचं दुकान, कुलूपवाला, दवाखाना. कुठेच काही काम नव्हतं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“काका, पटकन सांगा, फरो म्हणजे काय लिहू?” ऑपरेटर होती. मागे नवं मशीन घरघरत होतं.

“नांगर फिरला की मागे ओळ पडते ना, ती. तास लिही. घड्याळातला नव्हे हं, नांगराचा!”

“भारी! थँक्यू काका!”

“आणि मागचं फॉडर पाहिलंस का गं? त्याला नुसता चारा लिहू नकोस, त्यात...”

फोन केव्हाच ठेवला गेला होता. काका तो कानाला तसाच धरून कुलूपवाल्याच्या दुकानापुढे उभे राहिले. साडेदहा वाजायचे होते.