उशाशी कूलर

दुष्काळाची वर्षं होती. हर्सूलकडच्या आमच्या नव्या कॉलनीत इमारतींवर मजले चढत होते आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. मला ल्युपस. म्हणजे अंगातली रोगाशी लढणारी ताकद आपल्यावरच उलटते. सांधे, कातडी, काही सोडत नाही. तिला दाबून ठेवायला स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि ऊन बिलकुल वर्ज्य. म्हणून नवऱ्यानं माझ्या उशाशी कूलर लावून दिला.

तिसऱ्या उन्हाळ्यात खोकला लागला, मग ताप, मग दोन पायऱ्या चढले की धाप. एका डॉक्टरांनी टीबी धरून औषधं दिली. महिना गेला, ताप काही हटेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात भरती केलं. खरं सांगते, मी मनातून निरवानिरव करून बसले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरणीनं रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "काकू, तुम्ही झोपता कुठं?"

मी तोंड उघडायच्या आत हे सुरू झाले. "कूलरसमोर! पाण्याचा थेंब वाया घालवत नाही मी. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं गाळून कूलरमध्ये. त्यातलं गवत दोन वर्षं बदललं नाय. जरा कुबट वास येतो, पण गारवा लई झकास!"

"अहो, घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगताय?" मी पुटपुटले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती मात्र भराभर लिहून घेत होती.

तिनं छातीत दुर्बीण घालून आतलं पाणी तपासायला लावलं. बुरशी निघाली. शिळ्या भाकरीवर धरते तशी बुरशी, माझ्या फुफ्फुसात! टीबीची औषधं थांबली, स्टिरॉइड बेतानं कमी केलं, बुरशीवरच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू ताप उतरला. त्या पोरीचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

घरी आले तर हे बोलेनातच. कूलर भंगारात गेला होता. जेवायला वाढलं की नुसतं "हं". बुरशीला भ्याले नव्हते एवढी मी त्या गप्प बसण्याला भ्याले. असेच दोन महिने गेले, मग एका दुपारी म्हणाले, "माझ्यामुळं झालं ना?"

बुरशी हवेत सगळीकडं असते, कूलरातूनच आली असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली होती. तेवढंच सांगून सुटले असते. पण गोड बोलून वेळ मारून नेणं मला कधी जमलंच नाही.

"झालं असंल," मी म्हटलं. "पण त्या दिवशी तुम्ही लाजला असता ना, तर आज भिंतीवर माझा हार घातलेला फोटो असता. मी लपवणारच होते."

"खरंच लपवलं असतंस?"

"व्हय."

"यापुढं दवाखान्यात एकटी जायचं नाहीस तू," म्हणाले, आणि मला धरून ढसाढसा रडले.