खिडकीवर टकटक करणारे तात्या

सोलापूर स्टेशनात गाडी शिरली, की आमचे तात्या डब्यांच्या बंद खिडक्यांवर बोटानं टकटक करत फलाटभर हिंडायचे. आत उतारू जीव मुठीत धरून बसलेले असत. तात्या बाहेरून म्हणत, "उगडा की खिडकी. सोलापूर हाय, चावत न्हाय." हे काम त्यांना ना रेल्वेनं सांगितलं होतं, ना गावानं.

त्या वर्षी गिरण्यांचा संप लांबला होता. एक-दोनदा दगडफेक झाली, आणि ती बातमी गाडीबरोबर फिरता फिरता अशी फुगली, की सोलापुरात दिवसाढवळ्या माणसं कापतात असं लोक बोलू लागले. स्टेशनासमोरच्या तात्यांच्या खानावळीत पाहुणा फिरकेना. मीही मास्तरकीवर रुजू व्हायला आलो तो खिडकी लावूनच. तात्यांनी ती उघडायला लावली आणि माझी वळकटी बाहेर ओढली. उतरावं की नाही हे माझं ठरेपर्यंत वळकटी खानावळीत जाऊन पडलीसुद्धा. मग काय, मुकाट्यानं तिच्यामागून गेलो आणि पुढं कित्येक वर्षं तिथंच जेवलो.

गावाला कुणी नावं ठेवलेली तात्यांना खपत नसत. ऊन फार म्हटलं, की आमचे पापड बघा कसे वाळतात म्हणायचे. शेंगाचटणीनं कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर डोळे साफ होतात म्हणून आणखी एक चमचा वाढायचे. संपाचं विचारलं, तर घरात भांडण झालं म्हणून घर वाईट होत नाही, एवढंच सांगत. संपकऱ्यांनाही ते त्याच पंगतीला बसवत.

या वकिलीची खरी परीक्षा झाली ती त्यांच्या शेवंताच्या लग्नात. स्थळ दौंडकडचं. व्याह्यांनी निरोप धाडला, मुलगीच इकडं आणा, आम्ही तिथं पाय ठेवणार नाही. तात्यांच्या मंडळींनी आणि मीसुद्धा परोपरीनं सांगितलं, की जावं आपण. पण तात्या हटून बसले. "सोलापूर वाईट म्हणलं, तर हितं वाढलेली माजी पोरगी चांगली कशी?" म्हणाले. शेवटी व्याही कबूल झाले, पण जरा गडबड दिसली तर वऱ्हाड माघारी फिरेल, अशी अट घालून.

एवढं असताना माणसानं गप्प बसावं की नाही? पण नाव तात्या. मांडव घालणारे सगळे संपामुळं रिकामे असलेले गिरणीकामगार. तात्यांनी त्यांच्या हातात लेझमी दिल्या आणि वऱ्हाडाच्या स्वागताला फलाटावर उभं केलं. गाडी दिसताच ती धिप्पाड माणसं आरोळ्या ठोकत, लेझमी खणखणवत डब्याकडं धावली. धडाधड खिडक्या लागल्या, दारांना आतून कड्या बसल्या. तात्यांनी बोटं दुखेपर्यंत टकटक केली. गाडी वऱ्हाडासकट पुढच्या होटगी स्टेशनाकडं निघून गेली.

मांडवात हळद लागलेली शेवंता बसलेली. तात्यांचा चेहरा मला बघवेना. लेझीमवाल्यांना त्यांनी बजावलं, की मी येईस्तोवर खाली बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. मग भाकरीचं गाठोडं घेऊन आम्ही टांग्यानं होटगी गाठली. व्याही परतीच्या गाडीची वाट बघत ट्रंकेवर बसले होते. तात्यांनी त्यांच्यासमोर कडक भाकरी, शेंगाचटणी, दही मांडलं. व्याह्यांनी तोंड फिरवलं. नवरदेवाची आजी मात्र उपाशी होती, ती जेवायला बसली.

"व्याही, गिरण्या बंद हायत, आमच्या चुली न्हाईत," तात्या म्हणाले. "पोरीला हळद लागलीय. तुमी माघारी गेलासा तर तिनं तोंड कुटं दाकवायचं?"

आजीनं चटणीनं डोळ्यांत आलेलं पाणी पदरानं पुसलं आणि व्याह्यांना म्हणाली, "म्या त्येची भाकरी खाल्लीया. आता उटा."

सोलापुरात आम्ही उतरलो, तर स्टेशनापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंना गिरणीकामगार हात जोडून, लेझमी मांडीखाली दडवून उकिडवे बसलेले. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. खरं सांगतो, त्या आरोळ्या परवडल्या असत्या. व्याह्यांचे पाय पुन्हा अडखळले. आजीनं इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "हितं कुणी मेलंय का? वाजवा की!" मग जी लेझीम सुरू झाली, ती लग्न लागलं तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं तेव्हा डब्याच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. माणसं हात बाहेर काढून लेझीमवाल्यांना रामराम करत होती. तात्यांचा जन्म सार्थकी लागला म्हणायचा. पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते शेवंताच्या खिडकीशी उभे राहून चटणीचं मडकं सरळ धर, पाणी जपून पी, असलं काहीबाही बोलत होते. तिचे डोळे भरून आलेले, आणि ती वडिलांच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"खिडकी लाव बाई," तात्या एकदम म्हणाले, "कोळसा जातो डोळ्यात."

ती लावेना. तेव्हा तात्यांनी हात आत घालून स्वतःच ती खाली ओढली आणि पाठ फिरवून उपरण्यानं डोळे पुसू लागले. गाडी अजून हललीसुद्धा नव्हती.