पागोळीची हद्द

पागोळी हा शब्द मी शाळेत मुलांना शुद्धलेखनाला घालत असे. निम्मी मुलं 'ळ'च्या जागी 'ल' लिहीत आणि मी पाटी पुसून पुन्हा लिहायला लावी. छपराच्या कडेवरून पावसाचं पाणी ओळीनं खाली पडतं ती पागोळी, एवढा अर्थ सांगितला की माझं काम संपे. या शब्दापायी माझ्या घराची वाट जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचं घर वेल्ह्याच्या अलीकडं, तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. चार खणांचं, खाली दगडी जोतं, वर मातीच्या भिंती आणि त्यावर गवताचं छप्पर. मी किकवीला मास्तर होतो, एका खोलीत राहायचो. घरी माझी मंडळी आणि आप्पा, म्हणजे माझे वडील. दर साली पावसाआधी छप्पर शाकारायचं, दर साली ते बरोबर चुलीवरच गळायचं. एका वर्षी वळचणीतनं साप पडला तो थेट पिठाच्या परातीत. तेव्हा मंडळींनी मला निर्वाणीचं सांगितलं, "औंदा कौलं घाला, न्हाईतर मी किकवीला तुमच्या खोलीवर येते. मग भाकरी तुमी थापा."

भाकरीला भिऊन म्हणा, मी कौलं घालायचं ठरवलं. त्या कामातलं मला काडीचं कळत नव्हतं, म्हणून चार जणांना विचारावं म्हटलं. विचारायची खोटी, अख्खी वाडी सल्ला द्यायला दारात. एकाला दार पूर्वेला हवं, एकाला खिडकीच नको, आणि वर डोंगरावरनं मेंढरं घेऊन उतरलेला एक धनगर म्हणाला, "मास्तर, घराची एवढी काळजी करायची तर ऱ्हावं कशाला घरात?" त्याचं मला अजून पटतं.

मंडळींच्या सांगण्यावरून मी गावच्या सुताराला बोलावलं. आमचं जुनं आढं त्यानंच बसवलेलं. तो घराभोवती एक फेरी मारून आला, उत्तरेच्या बाजूला जरा थांबला आणि म्हणाला, "वासे बदला, कौलं घाला. पन पाखी हाय तेवढीच ठिवा. आत घेऊ नगा." छपराचा तो बाहेर आलेला उतार, आमची पाखी, भिंतीपासून अडीच हात पुढं होती.

"का?" मी विचारलं.

"ठिवा म्हंतो न्हवं."

मी पुन्हा विचारलं. त्यानं शेजारच्या ओसरीकडं पाहिलं आणि पटाशी पिशवीत टाकली. उत्तर न देणाऱ्याला मी वर्गात उभं करत असे. सुताराला उभं करता येईना, तेव्हा मनातल्या मनात त्याला अडाणी ठरवून मोकळा झालो.

शेजारच्या ओसरीवर दादा बसला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला, आणि आप्पांनी त्याला आमच्याच ताटात वाढवलं. मला पोहायला त्यानं शिकवलं, वेल्ह्याच्या बाजारात खांद्यावर त्यानं नेलं. पुढं तो पुण्यात आठ वर्षं गवंडीकाम करून आला, ओळंबा आणि माप घेऊन. गावात त्याच्या ओळंब्याला देवाइतका मान. घरचा एवढा जाणता माणूस असताना आपण सुताराच्या मिनतवाऱ्या करतोय याची मला लाज वाटली. मी स्वतः त्याच्या ओसरीवर गेलो आणि म्हणालो, "दादा, तू सांगशील तसं."

हे शब्द आठवले की आजही जीभ चावावीशी वाटते.

दादा आला. छपरात शिरला, वासे नखानं टोकरून पाहिले, भिंतीला कान लावला. आणि सुतारासारखं नाही, प्रत्येक गोष्टीचं कारण दिलं. "गवताला लांब पाखी चालती, मास्तर. कौलाला तसं केलंस की तोरन्याचा वारा खालनं शिरतो आन् कौलं उचलून वढ्यात टाकतो. वीतभर बाहेर काढ, बास. पुन्यात समद्या बंगल्यांना तशीच असत्यात." मग त्यानं उत्तरेच्या बाजूचा चर दाखवला. आजोबांच्या काळापासून पागोळीचं पाणी पडून पडून जमिनीत सरळ रेघ खणली गेली होती, वासराचा पाय अडकेल एवढी खोल. "ह्यो बुजवून टाक. पानी मुरतं, जोतं खचतं."

मला सगळं पटलं. कारण दिलं की मला पटतं, ही माझ्या धंद्याची खोड.

"सुतारबाबा न्हाई म्हनत व्हते," मंडळी आतनं म्हणाली.

"सुताराला लाकूड कळतं. वारा दादाला कळतो," मी म्हणालो, आणि हे वाक्य मला फार सुंदर वाटलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम निघालं. भोरहून मंगळुरी कौलांच्या गाड्या नसरापुरावरनं आल्या, त्या पाहायला पोरंबाळं वेशीपर्यंत गेली. दादा रोज उन्हातान्हात उभा. पैसुद्धा घेतली नाही. मंडळी त्याला दोन वेळा जेवायला वाढी आणि तो तिच्या आमटीचं नाव काढी. जुनी पाखी उतरवून वीतभर नवी काढली. चर मात्र मी स्वतः बुजवला. पाटीनं मुरूम आणून टाकला, वरनं धुमस मारली, हाताला फोड आले. दादा घागरीनं पाणी मारत होता. "दाबून बसव, मास्तर. खून ऱ्हायला नगं," तो म्हणाला. थोरल्या भावाबरोबर आपण आपलं घर नीट करतोय, या विचारानं मला तेव्हा भरून आलं होतं. आता त्या भरून येण्याचीच चीड येते.

घर लालभडक दिसू लागलं. मी किकवीला गेलो आणि पावसाळाभर ज्याला त्याला कौलाचे फायदे सांगितले.

दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो तर उत्तरेच्या बाजूला दोरी ताणलेली. आमच्या भिंतीपासून हातभरही नाही एवढ्या अंतरावर, मागच्या टोकाकडनं, पाया खणायला घेतलेला. या जागेचं महत्त्व सांगायला हवं. गोठा आमच्या घरामागच्या परड्यात. दक्षिणेला घराला लागून ओढ्याची दरड, तिकडनं शेळी उतरत नाही. गुरांना परड्यात जायला वाट एकच, या उत्तरेच्या पाखीखालची. म्हैस मान खाली घालून तिथनं जायची यायची. पलीकडं दादाचं अंगण.

मला आधी हसूच आलं. "दादा, मापात चुकलास की. पुण्याचा गवंडी असून?"

तो खणत राहिला. "चुकलो न्हाई. पागोळीपासनं चार बोटं सोडून धरलंय. एक खन वाढवतोय."

"अरे, पण वाट आमची आहे."

"कुठं लिवलंय, मास्तर?" तो अगदी मायेनं म्हणाला. "घर कुठवर, तर पागोळी पडती तिथवर. गावाची रीत हाय. तुजी पागोळी ही हितं पडती."

कुठंच लिहिलेलं नव्हतं. गावठाणाची कधी मोजणी झालेली नव्हती, कुणाकडं चिठोरं नव्हतं. आमच्याकडं घराची हद्द भिंतीवर ठरत नाही, पाण्यावर ठरते. हे वाडीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं, मलाही ऐकून ठाऊक होतं. पण पाखी आत घेतली म्हणजे हद्द आत घेतली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी तिथंच उभा राहून त्याचे सगळे सल्ले एकामागून एक आठवत गेलो. वारा, पुण्याचे बंगले, खचणारं जोतं, खूण राहायला नको. वैऱ्यानं केलं असतं तर मी भांडलो असतो. यानं मला पाण्यात हात धरून तरंगायला शिकवलं होतं.

सुताराकडं धावत गेलो. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा तुमचा भाऊ वसरीवर बसला व्हता. दोन्ही घरचं बलुतं खातो म्या, कसं बोलू? तरी बोललो तेवढं बोललो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. पाटील आणि चार जाणती माणसं येऊन जागा पाहून गेली. यंदाच्या पागोळीचे खळगे भिंतीपासून वीतभरावर ताजे दिसत होते, आणि जुन्या चराच्या जागी माझी धुमस मारलेली सपाट जमीन.

"पाखी कुनी तोडली?" पाटलांनी विचारलं.

"मी."

"चर कुनी बुजवला?"

"मीच. पण दादाच्या सांगण्यावरून."

"सल्ला इचारला, म्या दिला," दादा म्हणाला. "हात धरून करून घेतलं न्हाई, पाटील." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चर होता हे सगळे म्हणत, कुठं होता हे कुणी छातीठोक सांगेना. कुणी दोन हात म्हणे, कुणी एक. सुतार पुढं झाला, पण दोन्ही घरचा बलुतेदार म्हणून त्याचा शब्द धरला नाही. शेवटी पाटील म्हणाले, "घरातल्या वडील मानसानं बेलभंडारा उचलून शपथेवर सांगावं. आप्पा सांगतील ते दोगांनी मानायचं." दादा मान्य म्हणाला. मला तर हायसं वाटलं. त्या चराशेजारी आप्पांचा जन्म गेला होता.

आप्पांपुढं ताटलीत बेल आणि हळद ठेवली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, माणूस आवाजावरनं ओळखत. त्यांनी बेलाचं पान चाचपलं आणि हात मागं घेतला. मग म्हणाले, "आता दिसत न्हाई मला. चर कुठं व्हता, ध्यानात न्हाई."

ताटली परत गेली. पाटलांनी निकाल दिला, पागोळी आहे तिथवर घर. मला आप्पांचा राग आला नाही. म्हातारपण, गेलेले डोळे, त्यांना काय बोलायचं? मला त्यांची कीवच आली.

त्याच दुपारी दादाच्या बायकोनं आप्पांना जेवायला हाक मारली. आठवड्यातनं एकदा तरी ते तिकडं जेवत. मी पडवीत बसलो होतो. आप्पा काठी टेकत एकटेच निघाले. घराचा कोपरा ओलांडून दादाच्या अंगणाकडं वळले आणि थांबले. काठी एका हातात गोळा केली, धोतराचा सोगा वर घेतला, आणि सपाट जमिनीवर पाय चांगला गुडघ्याएवढा उचलून पलीकडं टाकला. मग दुसरा पाय.

मी धावत जाऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. "आप्पा, पाय कशाला उचललात?"

"चर हाय न्हवं हितं," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

दादाच्या घरातनं ताट मांडल्याचा आवाज आला. भिंतीपासून तिथवर डोळ्यानं मोजलं तरी अडीच हात भरत होते.

"ठाऊक होतं तुम्हांला," मी म्हणालो.

"व्हय."

"मग सकाळी का नाही सांगितलं? आमची वाट गेली, आप्पा."

त्यांनी चाचपून माझा दंड धरला. "त्याच्या इरुद्ध बेल उचलला असता तर त्यो जल्मात माज्या दारात आला नसता. बिनबापाचं पोर हाय ते. तुजं तसं न्हाई. तू कुठं जातूस?"

एवढं बोलून ते जेवायला गेले.

भिंत आठ दिवसांत उभी राहिली. त्या दिवसापासून आमची म्हैस पुढच्या दारानं आत येई, माजघरातनं चालत मागच्या दारानं परड्यात जाई, आणि मंडळी मागनं शेणाची पाटी घेऊन. दादाशी मी बोलणं टाकलं. आप्पांशीही टाकायचं असं ठरवून मी किकवीला गेलो. पुढची सुट्टी लागली आणि मी घरी आलो. त्याच्या पुढचीही. आप्पा गेले तोवर एकही सुट्टी चुकवली नाही. दर वेळी पायरीवर माझं पाऊल वाजलं की ते पडवीतनं विचारत, "आलास का?" आणि मी म्हणे, "आलो."