मुठीतलं बोट

बाळांना मालिश करणाऱ्या मावशीची जीभ भारी तिखट. तान्ह्यानं बोट घट्ट धरलं की नवी आई हरखायची, "मला ओळखतो हो." मावशी म्हणायची, "चमचा दिलास तरी असाच धरेल. ही जन्माची खोड, चार-सहा महिन्यांत जाते. मग धरेल ते मनानं." निम्म्या आया रुसून बसायच्या.

म्हातारपणी तिचा नवरा सगळं विसरत गेला, शेवटी तिलाही. एकदा अंग पुसताना तिचं बोट त्याच्या तळव्याला लागलं आणि मूठ गच्च मिटली. गेलेली खोड परत आली होती.

"आई, बाबांनी ओळखलं तुम्हाला," सून रडत म्हणाली.

उशाशी औषधाचा चमचा होता. मावशीनं तो हळूच लांब सरकवला.

"हो गं, ओळखलं."